चौथी गाठ

१

‘कडीवाली’ दर महिन्याला एकदा त्या घरात जन्माला यायची, आणि गेले अकरा महिने हे बाळंतपण धाकटीच्या गळ्यात पडलं होतं.

धाकटी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. चाळिशी उलटलेली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढलेली बाई. पण घरातलं शेंडेफळ म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. आता त्या नावाने हाक मारणारी एकटी आत्या उरली होती, तरी सुटलं नाही.

कडीवाली ही चित्रकथेतली नायिका. खांद्यावर झोळी, झोळीत दाराची जाडजूड लोखंडी कडी. ती कडी तिच्याकडे आईमागून आली, आईकडे तिच्या आईमागून. कुणाच्या घरात जनावर शिरलं की कडीवाली तिथे जायची, एखाद्या खोलीत पाठमोरी बसायची आणि जमिनीवर कडी तीनदा आपटायची. तिसऱ्या ठोक्याला जनावर खोलीत यायचं. अगदी शेवटच्या क्षणी ती बाहेर निसटायची आणि दाराला कडी घालायची. एकसष्ट वर्षं हीच गोष्ट, दर महिन्याला. वाचकांना शेवट तोंडपाठ होता. “लोक जेवतातही रोजच,” आत्या म्हणायची, “म्हणून काय कंटाळतात?”

सुरुवात आजोबांनी केली. त्यांच्यामागून पन्नास वर्षं आत्याने अंक काढला, आणि आईविना वाढणाऱ्या भाचीला काढता काढता मोठं केलं. धाकटी विसाव्या वर्षापासून तिच्या शेजारी बसून संवादाच्या फुग्यांतली अक्षरं लिहायची, काळ्या जागा भरायची. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी आत्याची उजवी बाजू गेली. दुसऱ्या दिवशी टाक धाकटीच्या हातात आला.

टाकाबरोबर नियमही आले. आधी चौकट काढायची, ती वाळली की मगच आत जनावर. चौकटीच्या चारी कोपऱ्यांत दोन्ही रेघा एकमेकींवरून पुढे न्यायच्या आणि तिथे शाईचा जाड थेंब बसवायचा. याला घरात गाठ मारणं म्हणत. आणि दोन चौकटींच्या मधली जी पांढरी पट्टी असते, तिला म्हणत बोळ. बोळात काही काढायचं नाही. एक ठिपकासुद्धा नाही. छापखान्यातल्या कुणीतरी एकदा गाठी म्हणजे शाईचे डाग समजून छापताना पुसून टाकल्या. धाकटी संतापली, आत्या मात्र हसली. “छापलेल्यात नसल्या तरी चालतील गं. मूळ पानावर हव्यात.”

आत्याची बाजू गेल्यावरही ही तपासणी चुकली नव्हती. पान पुरं झालं की धाकटी ते तिच्या खाटेवर नेई. आत्या डोळे मिटून डाव्या अंगठ्याने प्रत्येक चौकटीचे चार कोपरे चाचपी, आणि चारी लागले की मान हलवी.

२

टेबलाच्या वर भिंतीवर पहिल्या अंकाचं शेवटचं पान काच लावून टांगलं होतं. बंद खोलीत खाटेवर पाठमोरी बसलेली एक बाई, आणि दाराबाहेर झोळी घेतलेली लहान मुलगी. मुलीच्या फुग्यात तीन शब्द होते: ‘दार लावलं, आई.’ या एकाच अंकात खोलीतलं माणूस बाहेर निसटत नाही. त्या चौकटीच्या तीन गाठी आजोबांच्या हातच्या, मोत्यासारख्या. चौथी मात्र जाड, ओघळलेली, पोरकट.

“ती माझी,” आत्या ऐटीत सांगे. “अकरा वर्षांची होते. बाबांचा हात थरथरत होता, म्हणून मी मारली. अकराव्या वर्षी नोकरीला लागले मी!”

“पण आजोबांचा हात का थरथरत होता?”

यावर आत्याला दर वेळी चहाची आठवण व्हायची.

आजीचा फोटो घरात नव्हता. तिच्याविषयी आजोबांचं एकच वाक्य होतं, कुणीही विचारलं तरी तेच: “गेली. घरातून गेली.” जुन्या काळी बायका जात असतील घर सोडून, असं धाकटीने धरून ठेवलं होतं.

घरात आणखी एक विचित्र शिस्त होती. आत्या हाक मारण्याऐवजी काठी जमिनीवर आपटायची. दोनदा. टक, टक, म्हणजे धाकटे, ये. तीनदा कधीच नाही. दारावर पाहुणा आला आणि दोनदा वाजवून तिसऱ्यांदा हात उचलू लागला, की आत्या आतून “आले, आले!” म्हणून असं ओरडायची की पाहुणा दचकून मागे सरायचा. जित्याची खोड, म्हणून धाकटी सोडून द्यायची.

३

नव्या संपादकांचा फोन त्या दिवशी सकाळी नऊला आला. माणूस वाईट नव्हता. फक्त घाईत जन्मला होता आणि घाईतच बोलायचा.

“ताई, शेवटचं पान आज पाहिजे हं. आणि एक विनंती. जनावर जरा चौकटीबाहेर येऊ द्या ना.”

“बाहेर म्हणजे?”

“बाहेर म्हणजे बाहेर! हात, पंजा, काहीतरी रेघ तोडून आलं पाहिजे. आजकाल सगळे तसंच काढतात. आपलं बिचारं साठ वर्षं डब्यात बसलंय.”

“आत्याला चालायचं नाही.”

“बाईंना कशाला त्रास देता? आजारी माणूस. तुम्ही आता मोठ्या झालात की, ताई.”

हे शेवटचं वाक्य धाकटीला लागलं. चाळीस वर्षं धाकटी राहिलेल्या माणसाला कुणी मोठं म्हटलं की ते कुठे लागतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

खोली काढायला तिला समोर नमुना लागे, म्हणून तिने आत्याचीच खोली घेतली होती: खाट, कपाट, खिडकी, औषधांचं स्टूल, भिंतीवरचं घड्याळ. खोली पेन्सिलीत तयार होती; बाजूच्या चौकटीत दाराबाहेर उभी कडीवाली आधीच झाली होती, फक्त तिचा फुगा रिकामा होता. खोलीभोवती मात्र तिने चौकट आखली नाही. आधी जनावर काढलं. आख्खं जनावर त्या घरात कुणी कधीच काढलं नव्हतं, तिनेही काढलं नाही. कपाटाआड तिरप्या रेघांची दाट सावली, आणि सावलीतून निघालेला एक लांब हात. हात खोलीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर गेला. बोटांची टोकं बोळात आली.

मग तिने चौकट आखली. कोपऱ्यावर मनगट होतं, तिथे रेघ थांबवली. तीन गाठी मारल्या. चौथीला जागाच नव्हती.

चित्र झकास झालं होतं. उगाच खोटं कशाला बोला, तिला स्वतःचं कौतुक वाटलं. एक वाजला होता. तिने मोबाइलवर फोटो काढून संपादकांना पाठवला आणि टाक धुऊन ठेवला.

पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. टक, टक.

“पान... झालं?” खोलीत शिरताच आत्याने विचारलं. तिचे शब्द आता एकेक करून यायचे, जिना चढून दमल्यासारखे.

“शाई ओली आहे गं अजून. वाळली की आणते.”

शाई केव्हाच वाळली होती. आत्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. चोराच्या मनात चांदणं; धाकटीने विनाकारण औषधांच्या बाटल्या सारख्या केल्या आणि बाहेर आली.

४

दुपारी इमारतीत कुणी नसे. वरचे कामावर, खालचे शाळेत. तीन वाजता धाकटीने दोन कप चहा टाकला, एक आत्याला दिला आणि आपला घेऊन टेबलाशी बसली.

कप ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

बोळात बोटांची टोकं होती. आता तिथे पूर्ण पंजा होता.

आपण पंजाच काढला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. दमला की माणूस काय काढतो आणि काय काढलं समजतो, यात फरक पडतो. परवा नाही का कडीवालीच्या एका पायात चप्पल आणि एका पायात बूट काढला होता? आत्या तासभर हसत होती. तिने चहा प्यायला. मग पुन्हा पाहिलं. मनगट चौकटीच्या बाहेर होतं. सकाळी ते रेघेवर होतं, कारण मनगटासाठीच तर तिने रेघ थांबवली होती.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिने मोबाइल काढला. फोटोत बोटांची टोकं होती, तेवढीच. फोटोची वेळ एक वाजून चार मिनिटं.

तिने पट्टी घेतली आणि मोजलं. फोटोत आणि पानावर कोपऱ्यातली फट तेवढीच होती. हात मात्र तीन बोटं पुढे आला होता. म्हणजे कुणीतरी काढला. घरात दोनच माणसं. आत्याला खाटेवरून खुर्चीत बसवायला सकाळ-संध्याकाळ बाई लागे. मग उरली ती स्वतः. आपण झोपेत काढलं का? तिने बोटं पाहिली. टाक पाहिला. टाक कोरडा होता, एकच्या सुमाराला धुतला तसाच.

“कागद फुगला असेल,” ती मोठ्याने म्हणाली. कागद काही भाकरी नव्हे, हे तिला ठाऊक होतं. पण रिकाम्या खोलीत आपला आवाज ऐकून जरा बरं वाटलं.

कप धुवायला ती स्वयंपाकघरात गेली. फार तर दोन मिनिटं लागली असतील. परत आली तेव्हा चौकटीत खाट होती, खिडकी होती, स्टूल होतं. कपाटाआड सावली नव्हती. हात नव्हता. सगळी खोली पेन्सिलीतल्यासारखी निर्मळ, आणि बोळ कोरा पांढरा, कागदाच्या कडेपर्यंत.

तिथून पुढे पान संपत होतं.

५

धाकटी पहिल्यांदा चिडली. भीती नंतर आली. सकाळभराची मेहनत पुसली गेली, आता संपादकांना काय सांगायचं, हाच विचार आधी मनात आला. माणसाचं मन असं असतं. घराला आग लागली तरी आधी गॅसवरचं दूध आठवतं.

मग पॅसेजमधून आवाज आला.

पावलांचा नव्हता, काठीचाही नव्हता. ओला कागद टेबलावरून हळूहळू ओढावा तसा. जरा ओढला, थांबला. पुन्हा ओढला.

ती दारापर्यंत गेली. पॅसेज लांबट होता. एका बाजूला तीन दारं: आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, टोकाला आत्याची खोली. दारांच्या मध्ये पांढऱ्या भिंतीचे पट्टे. दुपारचं ऊन समोरच्या खिडकीतून सरळ त्या भिंतीवर पडलं होतं. अंधाराची सबब सांगायलाही जागा नव्हती.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या पट्ट्यावर सावली होती. तिच्यासमोर काही उभं नव्हतं.

सावली तिरप्या रेघांची होती. बारीक, दाट, डावीकडे झुकलेल्या रेघा, एकीवर एक. असं झुकवून रेघ मारायची सवय घरात फक्त धाकटीला होती. आत्या त्यावरून तिला टोमणे मारी की तुझ्या चित्रात सारखा वारा सुटलेला असतो. भिंतीवर तिची रेघ होती. आणि ती तिच्या डोळ्यांदेखत स्वयंपाकघराच्या दारापाशी अरुंद झाली, चौकटीच्या लाकडावरून गेली नाही, वरून वळसा घालून पलीकडच्या पट्ट्यावर उतरली.

दोन दारांच्या मधून, बोळाने.

धाकटीची पाचावर धारण बसली. पुढचं दार आत्याचं होतं आणि ते उघडं होतं. आत्या खाटेवर पडलेली होती, जिला आपलं आपण कुशीवरही वळता येत नव्हतं.

आतून आवाज आला. टक, टक.

“धाकटे,” आत्या म्हणाली. “पान... आण. आत्ता.”

६

पान छातीशी धरून ती पॅसेजमधून गेली. दुसऱ्या बाजूच्या भिंतीला पाठ घासत, डोळे जमिनीवर ठेवून. ओल्या कागदाचा आवाज ती जवळून जाताना थांबला. ती पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झाला.

आत्याने पान मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. डावा अंगठा पहिल्या कोपऱ्यावर गेला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. चौथ्यावर तो सपाट घसरत गेला आणि कागदाच्या कडेपर्यंत थांबलाच नाही.

धाकटीला वाटलं आता बोलणी बसतील. मार बसला असता तरी तिने खाल्ला असता.

“कधी?” आत्याने एवढंच विचारलं.

“एकला. आत्या, त्यांनी सांगितलं म्हणून मी... मला वाटलं, मी आता मोठी...” तिला रडू फुटलं. “तुला दाखवायला हवं होतं गं.”

“हो,” आत्या म्हणाली. “हवं होतं.” मग डाव्या हाताने तिचा गाल पुसला. त्या हाताने तिने टाक कधीच धरला नव्हता. “टेबलाशी... जा. रेघ पुरी कर. कोपरा... मोकळा ठेव. मी मार म्हटलं... की गाठ.”

“आणि तू?”

आत्याने खाटेला टेकवलेल्या चार पायांच्या काठीकडे पाहिलं. “तीनदा... ठोकते.”

तिचं म्हणणं काय आहे ते धाकटीला कळायला क्षणही लागला नाही. वीस वर्षं तीच गोष्ट तिने फुग्यांत लिहिली होती. खोलीत कुणीतरी बसायचं. ठोकायचं. ते आत यायचं. आणि शेवटच्या क्षणी बाहेर पळायचं.

“तुला उठता येत नाही, आत्या! तू बाहेर कशी येणार?”

आत्या तोंडाच्या चांगल्या बाजूने हसली. “दर महिन्याला... पळालेच की. पन्नास वर्षं. पाय... दुखतात आता.”

“मी बसते इथे. तू गाठ मार.”

“कुठल्या हाताने?” आत्याने आपला उजवा हात डाव्याने उचलला आणि सोडला. तो पांघरुणावर पडला. “ऐक. मी... अकराची होते. तू चाळीसची. हात... थरथरू देऊ नको.”

दाराबाहेर, अगदी चौकटीला लागून, ओला कागद ओढला गेला.

“दार... उघडंच ठेव,” आत्या म्हणाली आणि काठीकडे हात नेला.

७

टेबलाशी बसून धाकटीने टाक दौतीत बुडवला. राहिलेली रेघ दोन्ही बाजूंनी कोपऱ्यापर्यंत आणली. मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवली. हात थरथरत नव्हता, तो जणू दुसऱ्या कुणाचा होता.

चौकटीत रिकामी खोली होती.

टक, पॅसेजच्या टोकाकडून आलं.

टक.

त्या घरात तिने जन्मात न ऐकलेला तिसरा ठोका ऐकला.

ओला कागद सरसर ओढत गेला, खूप जोरात, आणि एकदम थांबला. पानावरच्या खोलीत दाराशी एक तिरपी रेघ उमटली. मग दुसरी. रेघांमागून रेघा येत गेल्या, डावीकडे झुकलेल्या. त्या कपाट झाकत, खिडकी झाकत, भिंतीवरच्या घड्याळापर्यंत चढल्या. आत्तापर्यंत घरात कुणी काढलं नव्हतं तेवढं जनावर तिथे झालं. खांद्यांसारखं काही, आणि खांद्यांच्या वर जिथे डोकं असायचं तिथे आणखी हात. धाकटीने नजर काढून खाटेवर नेली.

खाटेवर एक आकृती होती. तिने काढलेली नव्हती. पाठमोरी, ताठ बसलेली, हाताशी चार पायांची काठी. अकरा महिन्यांत आत्या अशी ताठ बसली नव्हती.

“धाकटे!” हाक आली. शब्द अडखळला नाही. आत्याचा जुना, खणखणीत, पाहुण्यांना दचकवणारा आवाज. “मार!”

तिचा टाक कागदावर टेकला नाही.

धावत गेलं तर? पॅसेज वीस पावलांचा. आत्या हलकी झाली होती, उचलता आली असती. पण तिने उचललं असतं आणि फट तशीच राहिली असती. मग ते पुन्हा भिंतीवर, मग जिन्यात, मग खालच्या घरात, जिथली मुलं आत्ता शाळेतून यायच्या वेळेत होती. आणि हेही सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी तिला एवढंच वाटत होतं की ही माझी आत्या आहे, मला दुसरं कुणी नाही.

दाण्याएवढ्या फटीतून एक काळं नख बोळात आलं.

“धाकटे, मार गं!”

तिने गाठ मारली. टाक कागदात रुतला, शाई जाड पडली, ओघळली. काच लावलेल्या पानावर जशी होती, तशीच.

मग घरात घड्याळाखेरीज कशाचाच आवाज राहिला नाही.

८

आत्याच्या खोलीत खाट होती, खिडकी होती, स्टूल होतं. पांघरूण बाजूला सारलेलं आणि गादी अजून कोमट. उशीत डोक्याचा खळगा. स्टुलावर अर्धा कप चहा. खिडकी आतून बंद. काठी कुठेही नव्हती. धाकटीने खाटेखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, दारामागे पाहिलं, आणि तिथे नसणार हे ठाऊक असताना पुन्हा एकदा सगळं पाहिलं.

टेबलाशी परत आली तेव्हा साडेपाच झाले होते. पान जसंच्या तसं होतं. कोपऱ्यात काळी रेघांची रास, खाटेवर पाठमोरी आत्या, दोघांच्या मध्ये हातभर जागा. तिने काचेमागच्या पानावरच्या पाठमोऱ्या बाईकडे पाहिलं, आणि तिच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीकडे. ‘गेली. घरातून गेली.’ आजोबा खोटं बोलत नव्हते.

तिने चौथ्या गाठीवर अंगठा ठेवला. शाई वाळली होती.

अंगठ्याखाली काहीतरी हललं. कागदाच्या आतून, अगदी हळू.

टक, टक.

धाकटे, ये.

तिच्या तोंडून हुंदका निघाला. आत्या आहे! आत आहे, जिवंत आहे, बोलावते आहे. टेबलाच्या खणात ब्लेड असे, चुकलेली शाई खरवडायला. तिने ते काढलं. गाठ खरवडायला कितीसा वेळ लागणार? फट दाण्याएवढी केली, आत्या बाहेर आली की पुन्हा बंद. ब्लेडचं टोक तिने शाईच्या कडेला लावलं.

टक.

तिसरा ठोका. उशिरा, जरा वेळ जाऊ देऊन.

ब्लेड तिथेच राहिलं. कदाचित ठोकणारं दुसरंच काही होतं. आत्याची काठी त्याच्या हातात होती आणि मोजायला ते अजून शिकत होतं. किंवा ती आत्याच होती. तिला भाचीचा हात ठाऊक होता, ब्लेड कुठल्या खणात असतं हेही ठाऊक होतं, आणि तिने मुद्दाम तिसऱ्यांदा ठोकलं होतं. धाकटीने बराच वेळ विचार केला. दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी करायचं एकच होतं.

तिने ब्लेड खणात टाकलं आणि खण लावला.

बेल वाजली. सहा वाजले होते. संध्याकाळची बाई आत्याला खुर्चीत बसवायला आली होती. आता ती विचारणार की मावशी कुठे आहेत, आणि तिला काय सांगायचं ते या घरात साठ वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं. बेल पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजायच्या आत धाकटी ओरडली, “आले, आले!”

पण उठण्याआधी तिने टाक घेतला. फुग्यातली अक्षरं नेहमी शेवटी लिहायची असतात. दाराबाहेर उभ्या कडीवालीचा फुगा अजून रिकामा होता. धाकटीने त्यात आपल्या वीस वर्षांच्या सरावाच्या, स्वच्छ अक्षरांत लिहिलं:

‘दार लावलं, आत्या.’